कूलर मास्टर एनआर२००पी आणि कस्टम वॉटर कूलिंग: छोट्या वर्कस्टेशनला ते कितपत मानवते

कूलर मास्टर या तैवानी कंपनीने २०२० साली एनआर२००पी हे कॅबिनेट बाजारात आणले आणि छोट्या संगणकांचा नाद असलेल्या मंडळींमध्ये ते चटकन रुळले. त्याचे आकारमान सव्वाअठरा लिटर, म्हणजे नेहमीच्या मिड-टॉवर कॅबिनेटच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरीही त्यात मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा मदरबोर्ड, एसएफएक्स या छोट्या मापाचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि ३३० मिलिमीटरपर्यंत लांबीचे ग्राफिक्स कार्ड मावते. बाजूच्या पट्टीवर २८० मिलिमीटरचा आणि तळाशी २४० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग, बसवण्याची सोय मुळातच ठेवलेली असल्यामुळे, सुटे भाग जमवून त्यात पाण्याचे कूलिंग करण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो झाला आणि मी तो आवरला नाही. त्या कॅबिनेटचे आणि त्यात उभ्या केलेल्या लूपचे, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर यांतून पाणी फिरवणाऱ्या साखळीचे, हे परीक्षण आहे.

यंत्रात एएमडीचा सोळा कोअरचा रायझन ९ ५९५०एक्स हा प्रोसेसर, एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०९० हे कार्ड, ६४ जीबी रॅम आणि ७५० वॉटचा एसएमपीएस आहे. बांधकाम व्यावसायिक आणि वास्तुरचनाकार यांच्यासाठी इमारतींची त्रिमितीय दृश्ये ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात कार्डावरचा भार खेळांसारखा वरखाली होत नाही. संध्याकाळी लावलेले रेंडर, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र तयार करण्याचे काम, पहाटेपर्यंत एकाच जोराने चालत राहते, आणि संगणक टेबलावर हाताच्या अंतरावर असल्यामुळे त्याचा आवाज कानात बसतो. जुन्या पिढीचे असूनही ३०९० अजून टिकून आहे ते त्याच्या २४ जीबी मेमरीमुळे. झाडे, गवत आणि काचा यांनी गच्च भरलेले दृश्य कमी मेमरीच्या कार्डात चढतच नाही.

निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो. अशा छोट्या कॅबिनेटमध्ये कस्टम लूप करायचे असेल तर ते ग्राफिक्स कार्डासाठी करावे. निव्वळ प्रोसेसरसाठी एवढा खटाटोप परवडणारा नाही. त्यासाठी तयार बंद कूलर, ज्याला दुकानदार एआयओ म्हणतात, तो पुरेसा आहे. कार्ड रोज तासन् तास पूर्ण भाराने चालत नसेल, तर त्याच्यासाठीही लूपचा खटाटोप परवडत नाही.

हे पटण्यासाठी ३०९० ची खोड लक्षात घ्यावी लागते. या कार्डाची २४ जीबी मेमरी प्रत्येकी १ जीबीच्या चोवीस जीडीडीआर६एक्स चिपांची बनलेली आहे. त्यांतल्या बारा मुख्य चिपच्या भोवती समोरच्या बाजूला असतात आणि उरलेल्या बारा कार्डाच्या पाठीवर. कार्डाचे पंखे आणि हीटसिंक समोरच्या बारांची काळजी घेतात. पाठीवरच्या बारांच्या वाट्याला मात्र एक धातूची पट्टी आणि तिच्यावरून जाईल तेवढी हवा येते. मेमरीच्या आतले तापमान ११० अंश सेल्सिअसला टेकले की कार्ड स्वतःहून वेग कमी करते. मुख्य चिप पंचाहत्तर अंशांवर आरामात असताना मेमरी शंभरी ओलांडून बसलेली आहे, हे दृश्य ३०९० वापरणाऱ्यांना नवे नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ३०९० टीआय या कार्डात प्रत्येकी २ जीबीच्या बारा चिपा वापरून सगळी मेमरी समोरच आणली गेली आणि हा प्रश्न मुळातूनच मिटला. पण ज्यांच्याकडे आधीचे कार्ड आहे किंवा ज्यांनी ते जुन्या बाजारातून घेतले आहे, त्यांना तो सोडवावाच लागतो.

एनआर२००पी मध्ये हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण कार्ड आडवे बसते, त्याचे पंखे तळाकडे आणि पाठ वर प्रोसेसरच्या कूलरकडे असते. पाठीवरच्या मेमरीची उष्णता वर चढते आणि प्रोसेसरचा कूलर तीच हवा ओढून घेतो. रेंडर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात प्रोसेसरला फारसे काम नसतानाही त्याचा पंखा घरघरू लागतो, तो यामुळे. शिवाय या कॅबिनेटमध्ये १५५ मिलिमीटरच्या वर उंचीचा कूलर बसत नाही. म्हणजे नॉक्टुआचा एनएच-यू१२ए हा १५८ मिलिमीटरचा उत्तम कूलर अवघ्या तीन मिलिमीटरने बाहेर राहतो.

पाण्याने प्रोसेसरला नेमके काय मिळते ते पाहू. ५९५०एक्स ची जाहीर मर्यादा १०५ वॉटची असली तरी पूर्ण भारावर तो १४२ वॉटपर्यंत वीज घेतो, आणि त्यातली बहुतेक उष्णता प्रत्येकी सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या दोन चिमुकल्या चिपांमधून बाहेर पडते. ती आधी सोल्डरच्या थरातून, मग धातूच्या झाकणातून आणि मग उष्णता पुढे नेणाऱ्या थर्मल पेस्टमधून पाण्यापर्यंत पोहोचते. अडसर या वाटेत आहे. पलीकडे पाणी कितीही थंड असले तरी ही अरुंद वाट रुंद होत नाही. म्हणून प्रोसेसरचे आकडे चांगल्या एअर कूलरच्या तुलनेत थोडेच उतरतात, आणि तेही मुख्यतः कार्डाची गरम हवा आता त्याच्या तोंडावर येत नाही म्हणून. कार्डाची गोष्ट निराळी आहे. ३०९० मधली जीए१०२ ही चिप ६२८ चौरस मिलिमीटरची, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढी, आणि तिच्यावर झाकण नाही. वॉटर ब्लॉकचे, म्हणजे आतून पाणी खेळणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे, तांबे थेट तिच्यावर, मध्ये फक्त पेस्टचा पातळ थर. ३५० वॉट उष्णता एवढ्या मोठ्या उघड्या पृष्ठभागावरून पाण्यात जाते, तेव्हा चिप आणि पाणी यांच्या तापमानातला फरक लहान राहतो.

पण पाणी उष्णता गिळत नाही, फक्त वाहून नेते. ती शेवटी हवेतच सोडावी लागते आणि त्यासाठी रेडिएटरचे क्षेत्रफळ लागते. सव्वाअठरा लिटरमध्ये खरी टंचाई या क्षेत्रफळाचीच आहे. २८० चा रेडिएटर म्हणजे १४० मिलिमीटरच्या दोन पंख्यांची जागा, ३९२ चौरस सेंटिमीटर. २४० चा म्हणजे १२० च्या दोन पंख्यांची, २८८ चौरस सेंटिमीटर. दोन्ही मिळून ६८० झाले, म्हणजे १२० मिलिमीटरच्या पावणेपाच पंख्यांची जागा. अशा प्रत्येक जागेमागे मंद पंख्यांवर शंभर वॉट धरावे, असा या छंदातला जुना ठोकताळा आहे. प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी पूर्ण भारावर आले तर बेरीज ४९२ वॉट होते. हिशेब किंचित तोकडाच पडतो, आणि जवळपास बसतो तोही दोन्ही रेडिएटरांना बाहेरची ताजी हवा मिळाली तरच. म्हणून बाजूचे आणि तळाचे चारही पंखे हवा आत घेणारे ठेवावेत आणि वरचे दोन बाहेर टाकणारे. एका रेडिएटरची गरम हवा दुसऱ्यात घुसवली की अर्धा फायदा तिथेच गेला.

तळाचा रेडिएटर बसतो तो कार्ड बारीक झाल्यामुळे. मूळ कूलरसह कॅबिनेटमधल्या कार्डांच्या तीन खाचा अडवणारे ३०९० ब्लॉक बसवल्यावर दोन खाचांच्या आत येते आणि मोकळ्या झालेल्या जागेत ३० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर व २५ मिलिमीटरचे पंखे मावतात. मावतात म्हणजे अक्षरशः मावतात. पंख्यांच्या वायरी कुठून न्यायच्या हे आधी ठरवले नाही तर सगळे पुन्हा उघडावे लागते. रेडिएटर निवडताना जाडी आणि पट्ट्यांची घनता या दोन्हींकडे पाहावे. फिलिपिन्समधल्या हार्डवेअर लॅब्जचे किंवा जर्मनीतल्या अल्फाकूलचे ३० मिलिमीटरच्या आसपासचे रेडिएटर अशा ठिकाणी सोयीचे पडतात. ते तांब्याचे असल्याची खात्री करून घ्यावी. स्वस्तातले काही रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला की त्याच पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याचा गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत बसतो.

पंपाची निवड छोट्या कॅबिनेटमध्ये जवळजवळ ठरलेलीच असते. डी५ आणि डीडीसी या दोन्ही रचना मूळच्या लाइंग या जर्मन कंपनीच्या आहेत. डी५ शांत आणि दणकट आहे, पण आकाराने मोठा. डीडीसी छोटा आहे आणि त्याचा दाबही जास्त आहे; मात्र तो तापतो, त्याला हीटसिंकची गरज असते आणि मधल्या काही फेऱ्यांवर त्याची बारीक किणकिण ऐकू येते. त्याच्याखाली मऊ रबराची जाड पट्टी ठेवली आणि ती किणकिण ज्या फेऱ्यांवर येते तेवढ्या टाळल्या की प्रश्न संपतो. पंप पूर्ण वेगाने पळवण्याचा हट्ट धरू नये. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल तर ५०० वॉट उष्णता घेताना ते साधारण ७ अंशांनी तापते. २ लिटर फिरले तर साडेतीन अंशांनी. त्यापुढे पाणी आणखी जोरात फिरवून हाती लागते ते एखाददुसऱ्या अंशाचे. याच कारणाने लूपमध्ये आधी प्रोसेसर की आधी कार्ड, या वादालाही फारसा अर्थ उरत नाही. नळीची वाट जिथून सोपी जाईल तो क्रम बरोबर.

पंपाच्या वायरींबद्दल एक सूचना. डीडीसी पूर्ण जोरावर १८ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर दीड ॲम्पिअर घेतो, आणि मदरबोर्डवरचे पंख्याचे हेडर, म्हणजे वायर जोडण्याची जागा, सामान्यतः १ ॲम्पिअरपर्यंतचेच असते. वीज थेट एसएमपीएसवरून घ्यावी आणि हेडरला फक्त वेग सांगणाऱ्या व मोजणाऱ्या तारा जोडाव्यात. ती मोजणारी तार सीपीयूच्या पंख्याच्या हेडरला लावली तर पंप बंद पडल्याची तक्रार यंत्र सुरू होतानाच मदरबोर्ड करतो. वीज गेली तर काय, असे काहीजण विचारतात. वीज गेल्यावर पंप थांबतो तसा संगणकही थांबतो, त्यामुळे इन्व्हर्टर नसलेल्या घरातही या बाबतीत काळजीचे कारण नाही.

जोडणीतला सर्वांत नाजूक भाग कार्डावर ब्लॉक बसवण्याचा आहे आणि त्यावर वेळ घालवावा. मूळ कूलर काढल्यावर मेमरीवर आणि वीज नियंत्रित करणाऱ्या घटकांवर थर्मल पॅडचे, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्टीचे, तुकडे चिकटलेले दिसतात. नव्या ब्लॉकला कुठे अर्धा, कुठे एक, कुठे दीड मिलिमीटर जाडीचा पॅड लागतो. जाडी अर्ध्या मिलिमीटरने जरी जास्त झाली तरी ब्लॉक पॅडवर टेकतो आणि मुख्य चिपपासून किंचित वर राहतो. मग चिपचे तापमान क्षणात भडकते आणि दोष पेस्टचा वाटतो. खात्रीचा उपाय एकच. पेस्ट लावून ब्लॉक स्क्रूने आवळावा, पुन्हा उघडावा आणि खुणा पाहाव्यात. चिपवर पेस्ट कडेपर्यंत एकसारखी पसरलेली आणि प्रत्येक पॅडवर मेमरीचा चौकोनी ठसा उमटलेला दिसला पाहिजे. एक जरी पॅड कोरा दिसला तर तिथे हवा आहे असे समजावे. स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे फिरवत आवळावेत. मला ब्लॉक विकणाऱ्या दुकानाने पॅडच्या जाडीचा तक्ता दिलाच नव्हता आणि फोनवर विचारल्यावर खोक्यात जे आहे ते लावा असे उत्तर मिळाले. अशा वेळी निर्मात्याकडून तुमच्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलचे माहितीपत्रक मिळवावे. एकाच चिपवर बनलेल्या दोन कंपन्यांच्या कार्डांची सर्किटची पाटी वेगळी असते आणि एकीचा ब्लॉक दुसऱ्यावर बसत नाही.

पाठीवरच्या मेमरीसाठी मी पाणी खेळणारी मागची पट्टी घेतली. ती महाग आहे आणि तिच्यामुळे कार्डाची जाडी वरच्या बाजूने वाढते, पण ३०९० च्या बाबतीत एवढ्या सगळ्या खर्चातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच. साध्या धातूच्या पट्टीवर भागवणार असाल तर निदान तिच्यावर हवा वाहील असा एखादा पंखा ठेवावा.

नळीसाठी पारदर्शक कडक नळीचा आग्रह सोडून दिला तर बरे. पीईटीजी या प्लास्टिकची कडक नळी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये एक भाग काढायचा तर दोन नळ्या मोडाव्या लागतात. पारदर्शक मऊ पीव्हीसी नळीतून कालांतराने प्लास्टिसायझर, म्हणजे नळी मऊ ठेवणारे रसायन, सुटून त्याची पांढरट साय ब्लॉकमध्ये जमते. काळी ईपीडीएम रबरी नळी दिसायला गाडीच्या बॉनेटखालची वाटते, मात्र तिला यातले काही होत नाही. आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची नळी एनआर२००पी मध्ये वळवता येते, पण तीव्र वळणांना फिरत्या काटकोनी फिटिंग, म्हणजे नळी जोडणारे सांधे, लागतात आणि अंदाजपत्रक तिथेच फुगते. फिटिंगचे आटे जी-एक चतुर्थांश या एकाच मापाचे असल्याने वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना जुळतात. गळती थांबवते ती आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे. आट्यांचे काम तिला दाबून धरण्यापुरतेच. म्हणून टेफलॉन टेप गुंडाळू नये, पकड लावू नये; हाताने घट्ट, एवढेच पुरे.

गळतीची चाचणी पाण्याने न करता हवेने करावी. सायकलच्या पंपासारखा छोटा हातपंप आणि दाबमापक असलेले साधन मिळते. लूपमध्ये अर्धा बार दाब भरायचा आणि काटा पाहत बसायचे. अर्ध्या तासात काटा जागचा हलला नाही तरच पाणी ओतावे. हवेच्या गळतीने काही बिघडत नाही, पाण्याच्या गळतीने दीड लाखाचे यंत्र बसते.

पाण्याबद्दल आपल्याकडे गैरसमज बरेच आहेत. घरच्या आरओचे पाणी चालत नाही. त्यात क्षार शिल्लक असतात, कित्येक यंत्रांत तर चवीसाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. पेट्रोल पंपावर आणि गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे पाणी क्षार काढलेले असते आणि लूप धुवायला ते उत्तम आहे, फक्त कॅनवरचे लेबल नीट वाचावे, कारण बॅटरीचे ॲसिडही तसल्याच कॅनमधून विकले जाते. नवे रेडिएटर अशा कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून घ्यावेत. पहिल्या पाण्यात सोल्डरच्या फ्लक्सचे कण आणि धातूचा चुरा दिसतोच, आणि तो बाहेर काढला नाही तर प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. कायमसाठी मात्र गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळलेले तयार द्रव वापरावे. रंगीत, त्यातही दुधाळ रंगाचे द्रव टाळावे. रंगाचे कण खाली बसतात आणि इथे ते कुणाला दिसणारही नसतात. पाणी विजेचे वाहक नाही या भरवशावर राहणे धोक्याचे आहे, कारण धातूंच्या सहवासात काही दिवसांतच ते वाहक होते.

छोट्या टाकीत पाणी भरणे हे चिकाटीचे काम आहे. थोडे ओतायचे, पंप क्षणभर चालवायचा, पातळी खाली गेली की थांबवायचा, पुन्हा ओतायचे; पंप कोरडा एक क्षणही चालता कामा नये. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा कॅबिनेट सगळ्या बाजूंनी तिरके करूनच निघते. बुडबुड्यांचा खळखळाट पहिले काही दिवस ऐकू येतो आणि मग आपोआप थांबतो. लूपच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी ठेवणे ही चैन वाटेल, पण या कॅबिनेटमध्ये तिच्याशिवाय दुरुस्ती म्हणजे नळी सोडून खाली पातेले धरणे.

आता फळ काय मिळाले ते. सर्वांत मोठा फरक आवाजाचा आहे. पूर्वी रेंडर चालू असताना खोलीत फोनवर बोलणे नकोसे व्हायचे. आता पंखे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आत राहतात आणि ऐकू येते ती हवेची मंद सळसळ. कार्डाची मुख्य चिप पाण्याच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशच वर राहते, आणि मेमरी शंभरीवरून सत्तरीच्या घरात आली आहे. रेंडरचा वेग फारसा वाढलेला नाही, आणि जो तशी अपेक्षा ठेवून खर्च करील त्याची निराशा होईल. वेग घसरायचा थांबला, एवढेच खरे. शांततेचा एक अनपेक्षित परिणाम म्हणजे कार्डाच्या कॉइलचा चिरका आवाज, जो पूर्वी पंख्यांखाली दबलेला होता, तो आता स्पष्ट ऐकू येतो. त्यावर पाण्याचा उपाय नाही.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधून ठेवला तर या सगळ्यावर पाणी फिरते. प्रोसेसर क्षणात वीस अंश उडी मारतो आणि क्षणात खाली येतो, त्याच्या मागे पंखेही चढ-उतार करत बसतात. पाण्याचे तापमान मात्र सावकाश बदलते. अर्धा लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे २,१०० ज्यूल लागतात, शिवाय रेडिएटरचे तांबे आहेच; म्हणून पूर्ण भार आल्यावर पाणी आपल्या कायमच्या तापमानाला पोहोचायला काही मिनिटे घेते आणि पंखेही तेवढ्याच धीराने वाढतात. बहुतेक मिनी-आयटीएक्स बोर्डांवर पाण्याच्या सेन्सरसाठी जागा नसते. त्यासाठी ॲक्वाकम्प्यूटर या जर्मन कंपनीचा क्वाड्रो हा कंट्रोलर घ्यावा. तो एसएमपीएसच्या मागच्या फटीत दडतो, सेन्सर थेट वाचतो आणि एकदा बसवलेली रचना संगणकावरचे सॉफ्टवेअर बंद असले तरी चालवतो.

पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांचा प्रश्न उरतोच. पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जात नाही. याचा एक फायदा असा की पावसाळ्यातल्या दमट हवेतही नळ्यांवर दव धरत नाही. तोटा असा की दुपारी खोली ३५ अंशांवर गेली तर पूर्ण भारावर पाणी ४७-४८ पर्यंत चढते, आणि पन्नाशीच्या पुढे पंप व सील यांचे आयुष्य घटू लागते. भर उन्हाळ्यात दुपारी मी मोठे रेंडर लावत नाही. शिवाय जी उष्णता कार्डापासून दूर नेली ती खोलीतच येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे हे यंत्र त्याच्या ताकदीचा सातवा हिस्सा एकटेच खाते.

खर्चाचा विषय टाळता येण्यासारखा नाही. पंप-टाकी, दोन रेडिएटर, दोन्ही ब्लॉक, मागची पट्टी, सहा चांगले पंखे, कंट्रोलर, नळी आणि फिटिंग असे मिळून बिल पाऊण लाखाच्या घरात गेले. एकट्या फिटिंगचा हिशेब एखाद्या ठीकठाक कूलरएवढा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एआयओ हवा तेवढा मिळतो, पण विशिष्ट कार्डाचा ब्लॉक किंवा १६ मिलिमीटरची ईपीडीएम नळी हवी असेल तर बहुधा मागवूनच घ्यावी लागते, आणि परदेशातून मागवली तर कस्टमचा भुर्दंड वेगळा. बायक्स्की आणि बॅरो या चिनी कंपन्यांचे भाग त्यामानाने स्वस्त पडतात, आणि ब्लॉकच्या बाबतीत बायक्स्कीची यादी फार लांब आहे. मोठे नाव म्हणजे कायमची निश्चिंती असेही नाही. स्लोव्हेनियातल्या ईके या या क्षेत्रातल्या अग्रगण्य कंपनीच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या होत्याच. कार्ड उघडल्यावर वॉरंटीचे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. स्क्रूवर स्टिकर असेल तर तो फाटल्यावर सर्व्हिस सेंटर तुमचे ऐकून घेईल अशी आशा धरू नये.

एवढा खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय जरूर करून पाहावा. ३०९० ची वीज मर्यादा ३५० वरून २८० वॉटवर आणता येते. लिनक्सवर एका आदेशाने, विंडोजवर एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरने. रेंडरचा वेग किरकोळ घटतो आणि सत्तर वॉट उष्णता जन्मालाच येत नाही. त्यासोबत मागच्या पट्टीचे पॅड बदलले आणि तळाला दोन चांगले पंखे लावले तर बऱ्याच जणांची गरज तिथेच भागेल. ज्यांना टेबलावर जागा आहे त्यांनी मोठे कॅबिनेट घ्यावे. ४५ लिटरच्या कॅबिनेटमध्ये हवाच ही कामगिरी निम्म्याहून कमी खर्चात करते. माझ्या टेबलावर ती जागा नाही. लूप बसल्यावरही मी वीज मर्यादा ३०० वॉटवरच ठेवली आहे, त्यामुळे उन्हाळ्यातल्या रात्रींत पाणी पंचेचाळीसच्या खाली राहते.

एनआर२००पी विषयी तक्रार एकच आहे. बाजूचा रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती निघते, पण नळ्या जोडलेल्या असताना ती नळ्यांच्या लांबीएवढीच बाहेर येते. म्हणून त्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्या गरजेपेक्षा बोटभर लांब ठेवाव्यात, म्हणजे पट्टी पुस्तकाच्या पानासारखी उघडून आत हात घालता येतो. रॅम बदलणे, एसएसडी बदलणे, धूळ पुसणे ही कामे मग पाणी न काढता होतात. बाजूच्या जाळीवर धूळ लवकर बसते. शेजारी बांधकाम चालू असेल तर महिन्यातून एकदा ती काढून धुवावी. द्रव वर्षातून एकदा बदलावे आणि त्याच वेळी प्रोसेसरचा ब्लॉक उघडून खाचा पाहाव्यात. उघडण्याआधी त्या ब्लॉकच्या ओ-रिंगचा एक जादा संच हाताशी असू द्यावा. जुनी ओ-रिंग फुगलेली निघते, खाचेत परत बसत नाही, आणि पाच-पंचवीस रुपयांच्या त्या रबरी कड्यासाठी संगणक आठवडाभर उघडा पडून राहतो.